मॅग्मात मॅग्मा मिसळला की डोंगर आत का बसतो? (कॅल्डेरा, पिनाटुबो आणि आपलं गोराई)

पाथरवट

मराठीत ज्वालामुखीवर जे काही वाचायला मिळतं त्यात ‘कॅल्डेरा म्हणजे खूप मोठं विवर’ हे हमखास असतं. ते डोक्यातून काढा, मगच पुढचं वाचा. विवर म्हणजे ज्वालामुखीचं तोंड, तिथून माल बाहेर येतो. कॅल्डेरा म्हणजे जमीन खाली बसून झालेला खळगा. काही किलोमीटर खोलवर मॅग्म्याची, म्हणजे वितळलेल्या खडकाच्या रसाची, कोठी असते. ती झपाट्याने उपसली गेली की वरच्या खडकाचा आधार सुटतो, गोलाकार भेगा पडतात आणि मधला अख्खा तुकडा आत उतरतो.

आता प्रश्न असा, की हजारो वर्षं गप्प पडलेली कोठी एके दिवशी उपसायला लागते ती कशामुळे? याचं एक उत्तर (एकमेव नव्हे, ते खाली वाद घालायला येणाऱ्यांसाठी आधीच लिहून ठेवतो) म्हणजे खालून दुसराच मॅग्मा येऊन त्यात मिसळणं.

वरच्या कोठीत सहसा सिलिका भरपूर असलेला रस साठलेला असतो, रायोलाइट किंवा डेसाइट जातीचा. तापमान ७०० ते ९०० अंश सेल्सिअस, आणि दाटपणा इतका की त्याला ‘वाहतो’ म्हणायला धीर होत नाही. त्यात पाणी विरघळलेलं असतं. बराचसा भाग तर स्फटिकांचा चिखलच झालेला असतो, जागच्या जागी आखडलेला. खालून बेसाल्ट येतो तो ११०० ते १२०० अंशांचा, पातळ आणि जड. जड असल्याने तो थेट वर घुसत नाही, कोठीच्या तळाशी पसरतो. आणि मग खरी गंमत सुरू होते. वरचा रस तापतो, त्यातले स्फटिक विरघळू लागतात, आखडलेला चिखल पुन्हा हलता होतो. उलट खालचा बेसाल्ट निवतो आणि त्यात स्फटिक धरू लागतात. त्या स्फटिकांत पाण्याला आणि गंधकाला फारशी जागा नसते, त्यामुळे उरलेल्या रसात त्यांचं प्रमाण चढत जातं आणि शेवटी बुडबुडे सुटतात. बुडबुड्यांनी बेसाल्टचा तो थर हलका होतो. म्हणजे जड म्हणून जो तळाशी बसला होता तोच आता वर उसळतो, सगळं ढवळून निघतं, वायू वरच्या रसात शिरतात, दाब वाढतो, छताला तडे जातात. एक तडा पार वरपर्यंत पोचला की दाब एकदम उतरतो, वरच्या रसातलं पाणी वाफ होऊन सुटतं आणि सगळ्या रसाचा फेस होतो. तिथून पुढे थांबवणं कुणाच्या बापाच्या हातात नाही.

माझं म्हणणं एका ओळीत: मिसळण काडी लावते, खड्डा खणत नाही. खड्डा खणतो तो उपसा.

ही कल्पना ठळकपणे मांडली गेली १९७७ साली. स्पार्क्स, सिगर्डसन आणि विल्सन या तिघांनी आइसलँडच्या आस्क्या ज्वालामुखीचा मार्च १८७५ चा उद्रेक पुढे ठेवून सांगितलं, की रायोलाइटच्या कोठीत बेसाल्ट घुसणं हेच अशा स्फोटांचं निमित्त असू शकतं. त्या उद्रेकाची राख स्कँडिनेव्हियापर्यंत पडली होती. दोन मॅग्मा मिसळून मधल्या जातीचे खडक होतात हा विचार तर त्याहून कितीतरी जुना. तो १८५१ मध्ये बुन्सेनने मांडला, तोसुद्धा आइसलँडचे खडक बघूनच. होय, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बर्नरवाला बुन्सेन.

आणि हे बघायला आइसलँडला जायची गरज नाही. मुंबईपासून राजापूरपर्यंत कुठेही खणा, जांभ्याखाली काळवत्री, म्हणजे बेसाल्टच, लागणार. पण मनोरी-गोराईच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या बांबूंपलीकडे, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळात, फिकट रंगाचा दगड आहे. तो ट्रॅकाइट, बेसाल्टपेक्षा जास्त सिलिकाचा. हा पृष्ठभागावर वाहिलेला लाव्हा नव्हे, जमिनीखालीच थिजलेला रस आहे. त्यात काळे गोळे दिसतात. बहुतेकांना वाटतं फुटका दगड आत अडकलाय. पण फुटक्या दगडाला कोपरे असतात, धार असते. दोन रस भेटून झालेल्या गोळ्याची कड गोलसर, कुठे सुरकुतलेली असते, आणि कडेचे कण आतल्यापेक्षा बारीक असतात, कारण थंड रसाला टेकताच तेवढा पट्टा झटकन गोठला. वितळलेलं मेण गार पाण्यात ओतून बघा, तशीच कड येते. तिथे एक डाइक (भेगेत शिरून थिजलेल्या रसाची भिंत) असाही आहे की ज्यात दोन्ही रस एकजीव होऊन मधल्याच जातीचा खडक तयार झालाय, आणि त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाच्या एकेका स्फटिकात इतक्या वेगवेगळ्या रचनांचे भाग सापडलेत की एका रसात ते वाढणं शक्यच नाही.

म्हणून हा धागा. ज्यांना येतं त्यांनी भर घाला, ज्यांना शंका आहे त्यांनी विचारा.

चाकरमानी

गोराईत फ्लॅट बुक केलाय. राहू द्यावा की टोकन परत मागू?

पाथरवट

@चाकरमानी, तो रस सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी थिजला. टोकन परत मागायची कारणं दुसरी असतील, हे नाही.

सुरंगी

छान लिहिलंय. मी दापोलीकडे नववी-दहावीला विज्ञान शिकवते, तेव्हा मुलांच्याच भाषेत विचारते. दोन रस भेटल्यावर स्फोट होतो म्हणजे त्यांच्यात रासायनिक क्रिया होते का? आम्ल आणि अल्कलीसारखी? आणि दुसरं, एक इतका पातळ आणि एक इतका दाट, तर ते मिसळतात तरी कसे?

पाथरवट

@सुरंगी, रासायनिक क्रिया हा मुद्दाच नाही. सगळा खेळ उष्णतेचा आणि वायूचा. गरम रसाने थंड रसाला उष्णता दिली, स्वतः निवताना वायू सोडला, बस.

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. दाटपणात दोघांत लाखो पटींचा फरक असू शकतो. त्यामुळे ते सुरुवातीला मिसळतच नाहीत, नुसते एकमेकांत घुसतात. म्हणून गोळे आणि पट्टे राहतात. पूर्ण एकजीव व्हायचं तर दोघांचं तापमान जवळ यावं लागतं आणि बेसाल्टचं प्रमाण पुरेसं असावं लागतं. थोडासाच बेसाल्ट आला तर तो गोळे होऊन गोठतो आणि तिथेच राहतो. भरपूर आला तर वरच्या रसाला तापवून पातळ करतो, आणि मग खरी मिसळण होते. गोराईला दोन्ही अवस्था शेजारी शेजारी आहेत, म्हणून तो किनारा मला एवढा आवडतो.

डेकवरचा

फिलिपाइन्सच्या पिनाटुबोचं नाव शीर्षकात बघून लिहितोय. जून १९९१ मध्ये कॅडेट होतो, आमचं जहाज मनिलाबाहेर नांगरावर. १५ तारखेला दुपारीच दिवे लावावे लागले. त्याच दिवशी वादळही आलेलं, त्यामुळे राख कोरडी पडलीच नाही, वरून चिखल कोसळत होता. बोसनने (खलाशांच्या मुकादमाने) सगळ्यांना फावडी दिली. व्हेंटिलेटरच्या तोंडांना कॅनव्हास बांधला, इंजिनरूमचे पंखे बंद केले, नाहीतर ती राख थेट मशीनरीत. बोटांत चोळली की खुपायची. चीफ इंजिनिअर म्हणाला हात लावू नका, ही काच आहे. तेव्हा वाटलं म्हातारा काहीतरी सांगतोय.

पुढे सुंदाच्या सामुद्रधुनीतून कितीदा गेलो, क्राकाटाऊ लांबून दिसतो. १८८३ ला तिथे बेटाचा मोठा भाग समुद्रात बसला आणि लाटांनी ३६ हजारांवर माणसं गेली. तोही याच खात्यात का?

पाथरवट

@डेकवरचा, म्हातारा बरोबर होता. राख म्हणजे फेसाळलेल्या रसाची फुटलेली काच, तिचे बारीक तुकडे.

तुम्ही जे फावड्याने ओढलं ते होतं डेसाइट. पण बाहेर आधी काय आलं ते महत्त्वाचं. पिनाटुबो सुमारे ५०० वर्षं झोपलेला. एप्रिल १९९१ मध्ये वाफेचे स्फोट सुरू झाले. ७ जूनला माथ्याजवळ घट्ट लाव्ह्याचा घुमट दिसायला लागला. त्याचे नमुने तपासले तर तो अँडेसाइट निघाला, डेसाइट आणि बेसाल्ट मिसळून झालेला, आणि त्यात बेसाल्टचे गोळे जसेच्या तसे. म्हणजे खालचा पाहुणा कोठीत आल्याची पावती स्फोटाच्या आठवडाभर आधीच बाहेर पडली होती! १२ जूनपासून मोठे स्फोट, १५ ला मुख्य उद्रेक. काही तासांत कोठीतला घन किलोमीटरांच्या हिशेबातला रस निघून गेला आणि माथा आत बसला. डोंगराची उंची आधी १,७४५ मीटर होती, ती अडीचशेहून जास्त मीटरने घटली. माथ्याच्या जागी अडीच किलोमीटर रुंदीचा कॅल्डेरा, त्यात आता तळं आहे. सल्फर डायऑक्साइड दीड-दोन कोटी टन गेला आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान अर्धा अंश उतरलं. त्या गंधकाचा बराचसा वाटा खालच्या बेसाल्टनेच आणला असं मानतात.

क्राकाटाऊही डेसाइटचाच आणि तोही कॅल्डेराच. तिथे मात्र समुद्राचं पाणी, बेट खचणं, लाटा असा गुंता आहे. त्याचा वेगळा धागा काढा, तुम्हीच.

काळवत्री

धागा चांगला आहे, पण ‘मिसळला की डोंगर आत बसतो’ असं शीर्षक दिलं की लोक तेवढंच घेऊन जातात. म्हणून विरोधी बाजू मांडतो. (खडकशास्त्रात पीएचडी करून आता भलतीच नोकरी करतोय, तेव्हा जुनी हौस समजा.)

एक. मिसळण न होताही कॅल्डेरे बसतात. हवाईचा किलाउएआ, २०१८. माथ्याखालचा बेसाल्ट भेगांवाटे सुमारे ४० किलोमीटर लांब जाऊन वस्तीत बाहेर आला, आणि माथ्यावरचा तळ मे ते ऑगस्ट असा टप्प्याटप्प्याने बसत गेला. ६२ वेळा दणके बसले, काही ठिकाणी ५०० मीटर खोली वाढली. त्यात रायोलाइट नाही, फेस नाही, काही नाही. निव्वळ गळती. आइसलँडला बाउर्दारबुंगा, ऑगस्ट २०१४ ते फेब्रुवारी २०१५. बर्फाखालचा कॅल्डेरा सहा महिन्यांत ६५ मीटर खाली गेला आणि लाव्हा दूर होलुहराउनच्या माळावर निघाला.

दोन. मिसळण होऊनही कॅल्डेरा होत नाही. कॅरिबियनमधल्या माँटसेरात बेटावर १९९५ पासून आणि जपानच्या उनझेनवर १९९१ ते ९५ मध्ये जो रस आला त्यात खालून आलेल्या गरम मॅग्म्याच्या खुणा ढीगभर आहेत. घुमट वाढले, ढासळले, माणसं गेली. पण डोंगर आत बसला नाही. कारण उपसा हळूहळू झाला.

तीन. तुमच्याच आस्क्याचं घ्या. उद्रेक १८७५ चा, पण आज ज्याला ओस्क्युवात्न तलाव म्हणतात तो खळगा पूर्ण व्हायला काही दशकं लागली. राख काही तासांची आणि खचणं चाळीसेक वर्षांचं. मग त्या काडीचा आणि त्या खड्ड्याचा संबंध इतका सरळ राहतो का?

चार. पिनाटुबोवरचा जो मूळ लेख आहे त्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह आहे. लोक ते विसरतात.

पाथरवट

@काळवत्री, पहिले तीन मुद्दे माझ्याच ओळीला पुष्टी देतात की राव! ‘खड्डा खणतो तो उपसा’ हे मीच लिहिलंय. किलाउएआला उपसा गळतीने झाला, पिनाटुबोला स्फोटाने. माँटसेरातला काडी पेटली पण उपसा झाला नाही. आस्क्याला तर खालचा बेसाल्ट पुढेही आजूबाजूला सरकत राहिला, म्हणून खचणं लांबलं.

प्रश्नचिन्हाचं मान्य. बेसाल्ट आला हे नक्की, घुमट मिसळणीचा हेही नक्की. पण त्यानेच स्फोट झाला की स्फोट होणारच होता आणि बेसाल्टने फक्त तारीख अलीकडे आणली, हे दगडावरून सांगता येत नाही. माझा कल पहिल्याकडे.

काळवत्री

माझा दुसऱ्याकडे. आणि त्याला कारण आहे. कोठी जितकी मोठी तितकी खालून आलेल्या भरतीची मातब्बरी कमी. शेकडो घन किलोमीटरच्या कोठीत पाव घन किलोमीटर बेसाल्ट आला तर दाब किती वाढणार? शिवाय अशा कोठीभोवतीचे खडक हजारो वर्षं तापून मऊ झालेले असतात. ते थोडे सरकतात आणि दाब जिरवतात. म्हणूनच तर एवढा साठा होऊ शकतो, नाहीतर दर शतकाला थोडा थोडा बाहेर पडला असता. मग अशी कोठी फुटते कशी? एक शक्यता म्हणजे साठा इतका पसरतो की वरचं छतच त्याच्या रुंदीला पुरत नाही, आणि भेग वरून खाली येते. दुसरी म्हणजे फेसाळ रस आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका असतो, त्याचाच वर रेटा. तिथे मिसळण ही काडी राहत नाही.

पण मिसळणीचं खरं काम मोठ्या कोठीत वेगळंच आहे, आणि ते तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात: आखडलेला चिखल हलता करणं. स्फटिक निम्म्याच्या वर गेले की रस जवळजवळ खडकासारखा वागतो, तो उद्रेकात बाहेर येऊच शकत नाही. अमेरिकेत कोलोराडोमध्ये ला गारीता कॅल्डेरा आहे, २ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. त्यातून सुमारे ५,००० घन किलोमीटर माल आला आणि त्या मालात स्फटिक ठासून भरलेत. त्यांच्या कडा विरघळल्याच्या खुणा दाखवतात. म्हणजे थंड होत चाललेल्या चिखलाला खालच्या बेसाल्टने ऊब दिली, थोडा वितळवला, आणि मग एवढा प्रचंड साठा उपसण्याजोगा झाला. काडी नव्हे, माल तयार करणं. तुमच्या ओळीत हे बसत नाही.

पाथरवट

हे मात्र मोलाचं. ओळ दुरुस्त करत नाही, तुमची प्रतिक्रिया तिच्या खालीच राहू दे, लोकांना वाद दिसला पाहिजे.

तुरळकर

खूप दिवसांनी इथे काहीतरी वाचण्यासारखं. माझा प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. आमच्याकडे तुरळ-राजवाडीला गरम पाण्याची कुंडं. तिकडे आरवली, उन्हवरे, वर वज्रेश्वरी. सगळी एका रांगेत. गावातली म्हातारी माणसं सांगतात खाली आग आहे. म्हणजे मॅग्म्याची कोठी आहे का? आणि कधी उपसली गेली तर?

काळवत्री

@तुरळकर, हसण्यासारखं काही नाही, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. कोठी नाही. कोकणात किनाऱ्याला समांतर खोल भेगा आहेत, म्हणून कुंडंही रांगेत दिसतात. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं. जमिनीत जसं खाली जावं तसं तापमान वाढतंच, दर किलोमीटरला साधारण २५-३० अंश. ते पाणी तापून दुसऱ्या भेगेने वर येतं. ज्वालामुखीचा संबंध नाही. दख्खनचे लाव्हे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, त्यांची ऊब कधीच संपली. बिनधास्त आंघोळ करा.

मालवणी_खाजा

माका येक सांगा. लोणारचा तळा ता कॅल्डेरा काय विवर? आमच्या मास्तरांनी ज्वालामुखीचा म्हणान शिकवल्यानी.

पाथरवट

@मालवणी_खाजा, दोन्ही नाही. लोणार उल्कापाताचं. १.८ किलोमीटर रुंद, बेसाल्टमध्ये. पूर्वी बरेच जण ज्वालामुखीचंच मानायचे, त्यामुळे मास्तरांचा दोष नाही. तिथल्या खडकात प्रचंड धक्क्यानेच होते तशी काच सापडली आणि तो वाद मिटला. भारतात जिवंत ज्वालामुखीचा कॅल्डेरा बघायचा तर अंदमानातलं बॅरन बेट. साधारण दोन किलोमीटर रुंदीचा खळगा, पश्चिमेकडे फुटलेला, आणि मधोमध नवा शंकू. १९९१ पासून तो पुन्हा जागा आहे. योगायोग बघा, पिनाटुबोचंच साल.

मालवणी_खाजा

मगे अंदमानात जावक व्हया. बायलेक सांगतंय, अभ्यास म्हणान.

सुरंगी

पुन्हा मीच. पिनाटुबोचं कळलं, तिथे माणसं हजर होती. पण हजारो वर्षांपूर्वीच्या उद्रेकाबद्दल ‘मिसळण स्फोटाच्या इतकी वर्षं आधी झाली’ असं जेव्हा छापून येतं तेव्हा ते कशावरून?

काळवत्री

@सुरंगी, स्फटिकांवरून. प्लॅजिओक्लेज नावाचा फेल्डस्पार घ्या. दगडाची पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात धरली की त्यात एकात एक पट्टे दिसतात. मधला भाग स्वच्छ. मग अचानक एक धुळकट, चाळणीसारखा पट्टा. तिथे स्फटिकाला नको इतकी उष्णता लागली आणि तो विरघळायला लागला. त्याच्याबाहेर पुन्हा स्वच्छ कड, पण आता कॅल्शियम जास्त, कारण भोवतीचा रस बदलला. तो धुळकट पट्टा म्हणजे पाहुणा आला तो दिवस.

आता वेळ कशी मोजायची. पट्टा तयार झाला तेव्हा त्याची सीमा रेघेसारखी तीक्ष्ण असते. मग गरम रसात असेपर्यंत मॅग्नेशियमसारखी मूलद्रव्यं सीमा ओलांडून पसरत राहतात आणि रेघ पुसट होत जाते. उद्रेक झाला, दगड थंड झाला की पसरणं थांबतं. रेघ किती पुसट झाली ते मोजलं की मिसळण आणि उद्रेक यांच्यातला काळ निघतो. ग्रीसच्या सँतोरिनीवर २०१२ साली हे काम प्रसिद्ध झालं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० चा तो उद्रेक. निष्कर्ष असा, की त्याआधी ज्वालामुखी हजारो वर्षं तुलनेने शांत होता आणि शेवटच्या शंभरेक वर्षांत मोठी भरती आली, काही मिसळण तर शेवटच्या महिन्यांतली. नकाशावर सँतोरिनीची बेटं कडं करून समुद्र अडवल्यासारखी दिसतात ना, ते कडं म्हणजे कॅल्डेऱ्याचा काठ.

इथे पाथरवटांना एक गुण देतो. महिन्यांवर आलेली मिसळण बघितली की काडीचा संशय येतोच.

पाथरवट

गुण घेतला.

एक बाजू अजून कुणी काढली नाही: मिसळण फक्त आधी होते असं नाही, उपसा चालू असतानाही होते. अलास्कात ६ जून १९१२ ला नोवारुप्ता फुटला, साठेक तास चालला, सुमारे १३ घन किलोमीटर मॅग्मा बाहेर. आणि खचला कोण? दहा किलोमीटरवरचा काटमाई डोंगर! कोठी त्याच्याखालची आणि तोंड लांब दुसरीकडे. कित्येक वर्षं लोक काटमाईच फुटला असं धरून चालले होते. तिथला प्यूमिस (फेसाळ रस गोठून झालेला हलका दगड) हातात घेतला तर एकाच तुकड्यात पांढरे आणि करडे पट्टे. रायोलाइट, डेसाइट, अँडेसाइट असे तीन रस एकाच वाटेने धावत सुटले आणि वाटेतच एकमेकांत ओढले गेले. एकजीव व्हायला वेळच मिळाला नाही.

दुसरं उदाहरण ऑरेगनच्या क्रेटर लेकचं. नाव क्रेटर, पण आहे कॅल्डेरा, सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीचा. तळं ५९४ मीटर खोल. त्याच्याजवळ उद्रेकातल्या राखेचे सुळके उभे आहेत, तळाला फिकट आणि वर काळसर. कोठीत वरती हलका, जास्त सिलिकाचा रस होता आणि खाली काळा. उपसा वरून सुरू झाला, म्हणून फिकट माल आधी पडून खाली राहिला. मधला पट्टा जिथे रंग बदलतो तिथे छत खचत होतं, असं मला फोटो बघताना नेहमी वाटतं. (हे माझं वाटणं, शास्त्र म्हणून खपवू नका.)

चाकरमानी

टोकन राहू दिलंय. रविवारी मुलीला घेऊन गोराईला जाईन म्हणतो. काय न्यावं? हातोडी?

पाथरवट

@चाकरमानी, हातोडी अजिबात नको. ते गोळे उघड्यावर आहेत, फोडलेत तर पुढच्याला दिसायचे नाहीत. मोबाइलवर भरती-ओहोटीची वेळ बघा, ओहोटीच्या तासभर आधी पोचा. साधं भिंग न्या आणि कातळ ओला करायला पाण्याची बाटली. कोरड्या दगडावर गोळ्याची कड नीट उठत नाही. शेवाळावर घसरायला होतं, मुलीला बूट घाला.

डेकवरचा

एक विचारायचं राहिलं. टोबा म्हणतात तो सुमात्राचा, त्याची राख भारतात सापडते हे ऐकीव आहे की खरं?

काळवत्री

खरं. टोबाच्या उद्रेकांतला सगळ्यात मोठा ७४ हजार वर्षांपूर्वीचा, २,८०० घन किलोमीटर माल. जे सरोवर उरलंय ते १०० किलोमीटर लांब आणि ३० रुंद, तोच कॅल्डेरा. राख भारतभर नद्यांच्या गाळात थर धरून आहे. आंध्रात ज्वालापुरम, मध्य प्रदेशात सोन नदीचं खोरं. आणि आपल्याकडे घाट चढून गेलं की जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी. तिथल्या राखेच्या वयावर मात्र मारामारी आहे. एक गट म्हणतो ही त्याच ७४ हजार वर्षांची, दुसरा म्हणतो कित्येक लाख वर्षं जुनी, टोबाच्याच आधीच्या उद्रेकाची. तिच्याबरोबर दगडी हत्यारं सापडतात, त्यामुळे वयावर बरंच काही अवलंबून आहे.

तुरळकर

शेवटचा प्रश्न. खाली बेसाल्ट येऊन मिसळतोय हे आधी कळू शकतं का? म्हणजे उपकरणांनी?

काळवत्री

@तुरळकर, थेट नाही. काहीतरी खाली आलंय हे कळतं: जमीन फुगते, बारीक भूकंप वाढतात, वायूंचं प्रमाण बदलतं. पण ते मिसळतंय की नुसतं तळाशी पडून आहे हे वरून दिसत नाही. इटलीत नेपल्सशेजारी पोझ्झुओली गाव आख्खं कॅल्डेऱ्यात वसलंय. तिथे १९८२ ते ८४ मध्ये जमीन १.८ मीटर वर आली, बंदराचा धक्का इतका उचलला गेला की होड्यांना पाणी पुरेना. हजारो लोक हलवले. उद्रेक झाला नाही. २००५ पासून पुन्हा वर येतेय. त्याच गावात रोमन बाजाराचे संगमरवरी खांब आहेत, त्यांना बऱ्याच उंचीवर समुद्री शिंपल्यांनी पाडलेली भोकं आहेत. म्हणजे मधल्या काळात तेवढी जमीन पाण्याखाली जाऊन परत वर आली. फुगणं म्हणजे मॅग्मा की नुसतं तापलेलं पाणी आणि वायू, यावर अजून एकमत नाही. पिनाटुबोलाही मिसळणीची पक्की पावती मिळाली ती घुमटाचा दगड हातात आल्यावरच.

डेकवरचा

नेपल्सला पुढच्या महिन्यात कॉल आहे. शोअर लीव्ह मिळाली तर त्या खांबांचे फोटो इथेच टाकतो.